मळवलीच्या लॉनला पडलेली भोकं

अहो, ऐकलंत का? त्या दादरवाल्यांच्या लॉनचं? म्हणजे तुम्हाला काहीच कळलं नाही? स्टेशनपासून पार भाज्याच्या लेण्यांपर्यंत तेच चाललंय, आणि तुम्ही आपल्या कुरडया घालताय! या अशा इकडे, जास्वंदीच्या बाजूनं. हळू बोलते हं, दादरच्या बाई व्हरांड्यातच बसल्यात.

त्यांचं लॉन म्हणजे काय थाट होता ते तुम्हाला ठाऊकच आहे. कोरियन कार्पेट! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कर्नलीणबाईंना काय म्हणाल्या आठवतंय ना? "तुमची ती साधी हरळीच ना हो?" असं, ओठ मुडपून. कर्नलीणबाई काही कमी नाहीत. म्हणाल्या, "हो ना, गणपतीला दूर्वा विकत आणाव्या लागत नाहीत." आणि तिळगूळ पुढे केला. मी आपली वाणातला कंगवा न्याहाळत बसले.

तर हे कोरियन दुसऱ्याच पावसाळ्यात पिवळं पडायला लागलं. वरून बघावं तर मऊ, पाय ठेवला की आत दबायचं, आणि कडेनं शेवाळ. बाईंनी पहिला आळ घेतला माळीकाकांवर. गवत कापतो आणि कापलेलं तिथंच टाकतो, म्हणून लॉन गुदमरतंय! काकांनी काही उलट उत्तर दिलं नाही. ते कधी देत नाहीत, आणि तेच पुढं... थांबा, ते नंतर.

गणपतीत न्यू जर्सीचे चिरंजीव आले. आल्या आल्या ब्रेडची सुरी घेतली आणि लॉनचा एक तुकडा कापून काढला. वर बोटभर हिरवं, खाली माती, आणि दोन्हींच्या मध्ये तपकिरी काड्यांचा दोन बोटं जाड थर. "मम्मी, हा थॅच." अर्धा इंच असला तर चांगला म्हणे, मातीला सावली राहते. त्याच्या वर गेला की पाणी खाली उतरत नाही, खत खाली जात नाही, मुळं त्या थरातच घुटमळत राहतात. आणि पुढचं ऐका, कापलेल्या गवताचा त्यात फारसा दोष नसतो! ती पाती कोवळी, लवकर कुजून जातात. थर साठतो तो जुन्या खोडांचा, धावत्या फांद्यांचा नि मुळांचा. "आणि जास्त नत्र दिलं की तो भराभर वाढतो. युरिया कोण टाकतं इथं?"

झालं. सगळ्यांनी बाईंच्या साहेबांकडे बघितलं. दर शनिवारी मुंबईहून आले की पहिलं काम काय, तर तांब्यात युरिया घेऊन लॉनवर शिंपडत फिरायचं, जशी काही सत्यनारायणाची पूजाच. साहेबांचा चेहरा असा पडला! माळीकाका मात्र मोगऱ्याची सुकलेली पानं काढण्यात अगदी गढून गेलेले.

बरं, चिरंजीव मशीन घेऊन आलेले. डीथॅचर. सुटं करून बॅगेत घातलेलं. त्याला खाली एक रूळ असतो, रुळाला स्प्रिंगचे दाते, तो गरागरा फिरतो आणि मेलेला काडीकचरा ओरबाडून वर काढतो. जोडलं, वायर लावली, पिन आपल्या सॉकेटात जाईना म्हणून ॲडॉप्टर लावला. बटण दाबलं, मशीन अस्सं किंचाळलं म्हणता, आणि धूर! तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230. ॲडॉप्टरनं पिन बदलते हो, व्होल्ट कसे बदलतील? आमचे हे आयुष्यभर इलेक्ट्रिकलमध्ये होते, त्यांनी कुंपणावरून ओरडून सांगितलं, पण तोवर जळल्याचा वास आमच्या मोदकांपर्यंत आला होता.

पण इंजिनियर मुलगा, ऐकतोय कसला! पुण्याहून कॉन्ट्रॅक्टर बोलावला, पेट्रोलच्या मशीनवाला. माळीकाका एवढंच म्हणाले, "भाऊ, पाऊस उघडू द्या." तर म्हणे, "काका, आमच्याकडे सप्टेंबरमध्येच करतात." आता सांगा, त्यांच्याकडचं गवत थंड हवेतलं. ब्लूग्रास, फेस्क्यू असली नावं. ते उन्हाळ्यात दमतं आणि सप्टेंबरात पुन्हा जोर धरतं, म्हणून तिकडे तेव्हा करतात. आपली हरळी काय, कोरियन काय, उन्हाळ्यातली गवतं. ऊन तापलं की वाढणारी. आणि लोणावळ्याचा पाऊस तो, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात जाणारा. तो सप्टेंबरात कुठं उघडतो?

कॉन्ट्रॅक्टरही एक नमुना. "गहुंज्याच्या स्टेडियमवर चालतं तसलं मशीन आहे ताई." गहुंजं म्हटल्याबरोबर आमचे हे सुरू झाले! 2017 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियानं तिथं आपल्याला 333 धावांनी हरवलं, तीन दिवसांत टेस्ट संपली, आयसीसीनं पिचला 'पुअर' शेरा दिला. मी म्हटलं, अहो, पिच वेगळं, बाहेरचं गवत वेगळं. पण पुरुषांना क्रिकेट मिळालं की...

आणि त्या दिवशी नेमक्या आमच्या जाऊबाई आलेल्या, पवनानगरच्या. लॉनवरचे फवारे बघून म्हणाल्या, "हे पाणी कुठलं गं?" बोअरचं, मी म्हटलं. मग त्यांनी 2018 ची आठवण काढली. चेन्नईच्या आयपीएल मॅचेस गहुंज्याला आल्या आणि हायकोर्टानं स्टेडियमला पवनेचं पाणी घ्यायला मनाई केली होती, ती. त्याआधी 2016 च्या दुष्काळात तर 30 एप्रिलनंतरच्या मॅचेसच महाराष्ट्राबाहेर काढायला लावल्या होत्या. चिरंजीव हसले, "गवताच्या पाण्यासाठी कोर्ट?" जाऊबाई हसल्या नाहीत. 9 ऑगस्ट 2011 ला पवनेच्या पाइपलाइनविरुद्धच्या आंदोलनात बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर गोळीबार झाला, तीन माणसं गेली. मावळात पाण्यावरून हसत नाहीत, एवढंच म्हणाल्या आणि चहा न घेता निघाल्या. चिरंजीवांना काय बोलावं कळेना.

असो. तर काय सांगत होते... मशीन. ओल्या मातीत ते मशीन, आणि पाती किती खोल ठेवावीत? खरं तर जमिनीला नुसती टेकली पाहिजेत. यांनी घातली आत. मेलेलं निघालंच, पण जिवंत गवतही मुळासकट उठलं. कोरियन वाढायला मुळात सावकाश, त्यातून ते सोलून काढलेलं. आणि मध्येच फट्ट! फवाऱ्यांचा पाइप फुटला. कारंजं उडालं दोन पुरुष उंच. समोरच्या बंगल्यात वीकेंडला आलेली पोरं धावत भिजायला! भुशी डॅमला जायची गरजच उरली नाही त्यांना. पाइप कुठून गेलाय हे फक्त माळीकाकांना माहीत होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

दिवाळीला लॉनवर पार्टी ठरली होती. ती गच्चीवर झाली. खाली सगळा लाल मुरूम.

आता कर्नलसाहेबांचं बघा. ते थांबले होळीपर्यंत. ऊन तापू दिलं, हरळीला नवे कोंब फुटू दिले. आधी गवत अगदी आखूड कापलं. आदल्या दिवशी पाणी दिलं, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही. पाइपावर झेंड्या रोवल्या, अगदी लष्करी. मशीन भाड्यानं आणलं, एकदा उभं फिरवलं, एकदा आडवं, आणि निघालेलं सगळं खताच्या खड्ड्यात. कसं दिसत होतं म्हणाल तर भकास! दादरच्या बाई कुंपणावरून म्हणाल्यासुद्धा, "काय हो, तुमच्याकडेही टक्कल?" काय आनंद झाला होता त्यांना.

दुसऱ्या दिवशी एरेटर. त्याला पोकळ नळ्या असतात, त्या मातीत घुसतात आणि मातीची पेरं उपसून वर टाकतात, दोन-तीन इंचांची. सगळ्या लॉनभर ती पडलेली. बाई पुन्हा कुंपणाशी, नाकाला पदर. "कर्नलसाहेब, तुमच्या कुत्र्याला आवरा हो!" कर्नलीणबाई इतक्या हसल्या की खाली बसल्या. ती पेरं तशीच वाळू द्यायची असतात, मग मोडून त्यांची माती पुन्हा गवतात. भोकांत त्यांनी वाळू आणि चाळलेलं शेणखत लोटलं, पाणी दिलं. रामनवमीला हिरवंगार! हरळी ती, तिच्या फांद्या वरूनही धावतात नि मातीखालूनही. शेतकरी आयुष्यभर जिला उपटून दमतात, तिला मशीन काय करणार?

इकडे बाईंनी काय केलं, तर ऑनलाइन खिळ्यांच्या चपला मागवल्या. हो, चपला! घालून लॉनवर चालायचं, भोकं आपोआप. त्या निघाल्या तुरुतुरु. चौथ्या-पाचव्या पावलाला चप्पल जमिनीत रुतली आणि बाई पुढं. माळीकाकांनी हात दिला. कर्नलसाहेब पलीकडून गंभीरपणे, "ताई, भरीव खिळ्यानं माती बाजूला दाबली जाते, उलट आणखी घट्ट होते. माती बाहेर निघाली पाहिजे." मी तिथून सटकलेच, हसू आवरेना.

मग आणला त्यांनीही एरेटर. भोकं पाडली, वाळू भरली, आता काय बिशाद! आणि परवा वळवाचा पाऊस झाला ना, तासभराचा? कर्नलसाहेबांकडे अर्ध्या तासात पाणी जिरलं. यांच्याकडे तळं. भोकांतून बुडबुडे येतायत, बाई छत्री घेऊन उभ्या, साहेब मोबाइलवर मुलाला दाखवतायत.

तेव्हा कुठं माळीकाका बोलले. मी स्वतः ऐकलंय. "बाई, ह्ये आमच्या चुलत्याचं खाचर व्हतं. आधी आंबेमोहोर, मग इंद्रायणी." इंद्रायणी म्हणजे आपल्या वडगावच्या संशोधन केंद्रातला तांदूळ, 1987 सालचा. आता खाचरात आपण काय करतो? चिखलणी! पाणी खाली जिरू नये म्हणून बैल घालून, आता पॉवर टिलर घालून, माती कालवायची. वर्षानुवर्षं. त्यानं वीतभर खाली घट्ट थर बसतो, त्यावर पाणी उभं राहतं, तेव्हा भात पिकतो. बंगला बांधताना त्याच्यावर मुरूम टाकला, मुरमावर लाल माती, मातीवर कोरियन. कर्नलसाहेबांचा प्लॉट चढावरचा, माळाचा. तिथं कधी भात लागलाच नाही.

"तुमचं मशीन तीन इंच जातंय," काका म्हणाले, "आमच्या आज्याची चिखलणी त्याच्या खाली हाय."

बाई म्हणाल्या, "मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

"इचारलं कुठं?"

अहो, तो चेहरा! मला खरं सांगते, तेव्हा हसू नाही आलं. बाईंनी छत्री मिटली आणि पहिल्यांदाच विचारलं, "काका, मग काय करायचं?" काकांनी बांधाची जुनी रेघ दाखवली, पाणी पूर्वी कुठून ओढ्याला सोडायचे ते दाखवलं. आता तिथं चर खणतायत. खालचा थर फोडून गुडघाभर खोल, त्यात खडी, भोकांचा पाइप, वरून पुन्हा खडी. तो ढिगारा दिसतोय ना फाटकाजवळ, तो त्याचाच. आणि काल रोपवाटिकेचा टेम्पो आला, मी बघितला. हरळी आहे हो त्यात! कर्नलीणबाईंना अजून सांगितलेलं नाही.

मशीनला मी नाव ठेवत नाही. थॅच साठला असेल, माती पायांनी दडपली असेल तर त्याच्यासारखं काम हातानं होत नाही. पण पाणी तुंबतंय ते वरच्या थरामुळं की खालच्या, हे कुदळीनं एक हातभर खड्डा घेतला की दिसतं. त्याला ना पेट्रोल लागत ना न्यू जर्सी.

तुम्हीही मागच्या अंगणात लॉन करायचं म्हणत होतात ना? मग ऐका, आधी काकांना चहाला बोलवा आणि तुमच्या प्लॉटवर काय पिकायचं ते विचारा. मशीन विकत घेऊ नका, भाड्यानं मिळतं, वर्षातून एखाद्या वेळी तर लागतं. पाइपावर खुणा करा. आणि जे काही ओरबाडायचं-टोचायचं ते मृग लागायच्या आत उरका. नाही जमलं तर थेट पुढच्या होळीपर्यंत हात लावू नका.