आत रोल आहे का?

मुलीने लग्नासाठी फोटोग्राफर ठरवला. तो फिल्म आणि डिजिटल दोन्ही करतो, हे तिने अशा स्वरात सांगितलं, जणू मुलगा इंजिनिअर असून शिवाय दशग्रंथी आहे.

“फिल्म म्हणजे रोल?” मी विचारलं.

“हो बाबा, खराखुरा रोल.”

“म्हणजे ते स्वस्तात पडेल.”

तेच महाग होतं. डिजिटलचे चारेक हजार फोटो पॅकेजातच होते. रोलचे मात्र मोजून. साध्या ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६, आणि ज्या कॅमेऱ्यात वरून विहिरीत डोकावल्यासारखं बघायचं त्याच्या १२० च्या रोलवर चौकोनी असे फक्त १२. “यात थोडी ग्रेन येते काका, तीच मजा,” फोटोग्राफर म्हणाला. फोटोत असे दाणे दिसले की आमचे वडील पैसे कापत असत.

माझं लग्न १९८९ सालचं. वडिलांनी दोन रोल मंजूर केले होते, म्हणजे फोटो ७२ आणि माणसं साडेतीनशे. अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख असे ठरलेले फोटो वजा जाता उरले त्यांत दोन्हीकडचे काका-मामा बसवायचे. तेव्हा वडिलांनी फोटोग्राफरला बाजूला घेऊन सांगितलं, “कोणी फारच मागे लागलं तर नुसता फ्लॅश मारा.” फ्लॅशच्या पाठीला एक छोटं बटण असायचं. ते दाबलं की लखकन उजेड पडे. रोल जागचा हलत नसे.

या योजनेत साताऱ्याची आत्या सापडली. नऊवारी शालू, नथ, तन्मणी असा सगळा जामानिमा करून ती आम्हा दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने तीनदा फोटो काढायला लावला. तीनदा लखलखाट झाला. अल्बम आला तेव्हा त्यात आत्या नव्हती. “रोलला उजेड लागला,” वडील म्हणाले. “माझ्याच फोटोंना बरा लागला!” आत्या म्हणाली, आणि पुढे वडील गेले तरी तिने हा विषय सोडला नाही.

लग्नाच्या आदल्या रात्री फोटोग्राफर कार्यालयात आला आणि आधी फ्रिज कुठे आहे ते विचारू लागला. मला वाटलं, तहान लागली असेल. त्याने पिशवीतून रोल काढले आणि श्रीखंडाचे डबे सरकवून गजऱ्यांच्या पुडीशेजारी मांडून ठेवले. ते उन्हाने बिघडतात म्हणे. मग गप्पांत त्याने सांगितलं, की पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने बनवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. घरच्या पोराचं ते खेळणं कंपनीने फारसं मनावर घेतलं नाही आणि २०१२ साली कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. हे सांगताना त्याचा आवाज जड झाला होता. मी त्याला श्रीखंड दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा मदतनीस डिजिटलवर टर्रर्र करून पन्नास फोटो काढी, तेवढ्यात हा श्वास रोखून एक काढी. आणि अंतरपाट दूर होण्याच्या ऐन वेळी त्याचा बाराचा रोल संपला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी गुरुजींकडे, गुरुजींनी घड्याळाकडे. अजून दोन मिनिटं होती. मावशी पुढे झाल्या आणि त्यांनी स्वरचित मंगलाष्टक सुरू केलं, ज्यात दोन्ही घरांतल्या समस्तांची नावं वृत्तात कोंबलेली असतात. त्यांच्या मंगलाष्टकाचा कोणाला उपयोग झाल्याचं मी प्रथमच पाहिलं. रोल भरून झाला तेव्हा त्या मुलाकडच्या धाकट्या काकूंपर्यंत आल्या होत्या.

जेवणं आटोपल्यावर आत्या आली. वय ८६, तीच नथ, तोच शालू. डिजिटलवाल्या मदतनिसाला हाताने बाजूला सारून ती थेट त्या वाकून बघायच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

“बाळा, आत रोल आहे का?”

आयुष्यात प्रथमच कोणीतरी योग्य प्रश्न विचारल्यासारखा तो फुलला. “आहे ना आजी! शेवटचा एक फोटो खास तुमच्यासाठी ठेवलाय. याच रोलवर अंतरपाट आहे, सप्तपदी आहे...”

आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याच्या पाठीवर बोट ठेवलं.

“मग उघडून दाखव.”