आधी दंड मोजा, मग मशीन घ्या

मेडिकलच्या काउंटरवर बीपीचं मशीन घ्यायला आलेला माणूस तीन गोष्टी विचारतो. केवढ्याला? वॉरंटी किती? मोबाइलला जोडता येतं का? दुकानदार तिन्हींची उत्तरं देतो आणि बिल फाडतो. मशीन ज्याच्यासाठी न्यायचं त्याचा दंड केवढा, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. मला याचा राग येतो. चप्पल घेताना आपण नंबर सांगतो, आणि ज्या आकड्यावर रोजच्या गोळ्या ठरणार तो देणारा पट्टा मात्र डोळे मिटून उचलतो.

मशीनचा खरा जीव त्या पट्ट्यात असतो. ठोक्यागणिक पट्ट्यातल्या हवेत जी थरथर उठते, तिच्यावरून मशीन वरचा आणि खालचा आकडा काढतं. पट्टा तोकडा असेल तर रक्तवाहिनी दाबायला जास्त दाब लागतो आणि आकडा खोटाच चढतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सर्वांत मोठ्या पट्ट्याची गरज असलेल्यांना नेहमीचा पट्टा लावून पाहिला, तर वरचा आकडा सरासरी सुमारे 20 नं जास्त आला. वीस! एवढ्या फरकात निरोगी माणूस रुग्ण ठरतो. उलट काटकुळ्या दंडावर ढगळ पट्टा लावला की आकडा कमी दिसतो, आणि ज्याला उपचार हवेत तो निर्धास्त राहतो.

म्हणून शिंप्याची टेप घ्या. खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा आणि तो आकडा घेऊन दुकानात जा. पट्टा किती घेराचा आहे ते त्याच्यावरच छापलेलं असतं. नेहमीचा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटरचा. घरात आजी बारीक आणि मुलगा आडदांड असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा पट्टा मागा. तो खर्च वाया जात नाही. मॉडेलची तपासणी झाली आहे का, हेही बघा. ‘स्ट्राइड बीपी’ ही आंतरराष्ट्रीय संस्था अशा मशीनची यादी देते. मनगटावरचं मशीन शक्यतो नको. घड्याळाच्या आकड्यावर तर गोळ्या मुळीच ठरवू नका.

आता वापर. मालिका चालू, हातात चहाचा कप, मशीन टीपॉयवर, दंड खाली लोंबकळतोय आणि शेजारी बसलेली सून विचारतेय, ‘किती आलं हो?’ असं घेतलेलं बीपी कागदावर लिहूच नका. चहा, तंबाखू, व्यायाम यांच्यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत, पावलं जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. दंड हृदयाच्या उंचीवर यायला हवा. त्यासाठी जेवणाचं टेबल टीपॉयपेक्षा बरं. पट्टा उघड्या दंडावर बांधा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की तीच दंडाला आवळते. त्या दिवशी सैल बाहीचं काहीतरी घाला.

सकाळी गोळीआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून, असं सात दिवस मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत 135/85 किंवा त्याहून जास्त सरासरी म्हणजे बीपी वाढलेलं. दवाखान्यात हीच रेषा 140/90 धरतात. एकच आकडा बघून घाबरू नका, आणि चांगला आकडा बघून गोळी बंद करू नका. ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून गोळी सोडणारे मी फार पाहिलेत. ते नॉर्मल गोळीमुळेच असतं! ठोके अनियमित पडत असतील तर मशीन फसू शकतं, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. मात्र 180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं असं काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना आकड्यांच्या वहीसोबत मशीनही पिशवीत टाका. त्यांच्यासमोर बीपी घेऊन दाखवा आणि पट्टा बरोबर आहे का, एवढं विचारून या.