बत्तिसावा जिन्नस

वसईत हल्ली माणसाची पत त्याच्या घरच्या बाटली मसाल्यात किती जिन्नस पडतात यावर ठरते. पूर्वी ती वाडीत किती केळी आहेत आणि वैशाखात विहिरीला किती पाणी राहतं यावर ठरायची. वाडी विकून झाल्यावर मोजायला काहीतरी हवं, म्हणून मसाला. ज्यांनी खाण्यापिण्यालाच आयुष्य वाहिलं आहे अशा कुणाशीही बोलायला बसा. आधी लोणवास येतं, मागोमाग डुकराचं इंदेल आणि फुगे येतात, मग आवाज खाली जातो, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे पाहिलं जातं आणि आकडा बाहेर पडतो. ‘‘आमच्यात अठ्ठावीस.’’ शेजारी बसलेला दुसरा खाद्यव्रती नुसता हसतो. ते हसू तीस ओलांडलेल्या माणसाचं असतं. ‘‘आमची आजी बत्तीस घालायची.’’ इथे गप्पा संपतात आणि बोली सुरू होते. चौतीसला कोणीतरी हात वर करतो, छत्तीसला कोणाची तरी मावशी निघते. मसाला कसा लागतो हे या सगळ्यात एकदाही निघत नाही. मार्कांच्या चढाओढीत मुलाला काय येतं हे विचारायचं नसतं, तसंच हे.

आकडा सांगितला की हिशेब द्यावा लागतो, म्हणून एकदा बसून हिशेब करू. रंगाला काश्मिरी मिरची, चवीला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी. मिरची एकच, पण खाद्यव्रती तीन धरतो. धणे, जिरे, शहाजिरे, मोहरी, मेथी, बडीशेप, तीळ, खसखस, हळद आणि हिंग मिळून तेरा झाले. पुढे मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, वेलची, मसाला वेलची, जायफळ, जायपत्री, दगडफूल, बादियान, नागकेशर, कबाबचिनी, तिरफळ. सव्वीस. वाण्याची यादी इथे दमते, पण आकडा दमत नाही. मग भाजलेले गहू येतात आणि त्यांच्या पाठोपाठ हरभऱ्याची डाळ. दोन्ही मसाल्यात पडतात हे खरंच आहे; त्यांनी रस्सा दाट होतो आणि मसाला पुरवठ्याला येतो. पण ज्या गव्हाची घरी चपाती होते तो डब्यातून बरणीत गेला की गुप्त मसाला कसा होतो, याचं उत्तर मिळत नाही. असो, अठ्ठावीस भरले. आता बत्तीसवाल्याचे चार बाकी. पांढरे मिरे काळ्यांपासून वेगळे काढले की एकोणतीस. हळकुंड एक आणि हळदीची पूड दुसरी, तीस. मीठ, एकतीस. बत्तिसावा कोणता हे सांगत नाहीत. खूपच आग्रह केला तर ‘आजीचं प्रेम’ असं उत्तर येतं. ते भाजून घ्यायचं की कच्चंच, उन्हात किती दिवस द्यायचं आणि किलोभर मिरचीला किती, हे विचारलं की माणूस दुखावतो. छत्तीसवाल्याकडे प्रेमाचेही पाच प्रकार असावेत.

बरं, हा आकडा जिभेला कळतो का? किलोभर मिरचीच्या मसाल्यात नागकेशर दहा ग्रॅम पडलं असं धरा. बाकीचे जिन्नस धरून एकूण मसाला किलोच्या बराच वर जातो. त्यातला दहा ग्रॅमचा एक चमचा लोणवासात गेला, तर त्या पातेल्यात नागकेशर दशांश ग्रॅमपेक्षाही कमी उरतं. पातेलं सहा जणांचं. त्यात दुधी, मटण, कांदा आणि चिंच. यातून आपल्या वाटणीचं नागकेशर जिभेने वेचून काढणारा माणूस जेवताना अखंड बोलत असतो, आणि तरीही त्याला ते सापडतं. कोणी म्हणेल, प्रमाण कमी असलं तरी असर असतो, लवंगेचं एक बोंड बिर्याणीचं पातेलं हलवतं. कबूल. पण मग लवंग मोजा, दगडफूल मोजा, ज्याचा वास येतो ते मोजा. डाळ मोजून छाती काढू नका. आणि एवढा विश्वास असेल, तर अठ्ठावीस आणि बत्तीस जिन्नसांच्या दोन वाट्या डोळे बांधून चाखा. या परीक्षेचं नाव काढलं की खाद्यव्रतींना घरी पाहुणे येणार असल्याचं आठवतं.

दुसरा मुद्दा गुपिताचा. हा मसाला घराण्याच्या बाहेर जात नाही, असं प्रत्येक घराणं सांगतं. लेकीला देत नाहीत, सुनेला देतात. काही घरांत याच्या उलट. ऐकायला छान. पण मसाला होतो कसा ते पाहा. एप्रिल-मे महिन्यात, पावसाच्या आधी, मिरच्या अंगणात वाळतात, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजला जातो, मग उखळात घालून लांब मुसळांनी कांडतात, चाळतात आणि तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. हे कांडण घरच्या माणसांनी क्वचितच केलं. मसाला कांडणाऱ्या बायका घरोघर फिरायच्या. आज या घरी, उद्या त्या घरी, परवा तिसऱ्या आळीत. समोर सुपात काय आणि किती मांडलंय हे त्यांना दिसत होतं. भाजताना वास येत होता. कांडताना तिखट त्यांच्याच नाकाडोळ्यांत जात होतं. म्हणजे नणंदेपासून, जावेपासून आणि सगळ्या शेजारपाजारापासून लपवलेलं गुपित त्या बायकांना एका हंगामात सगळ्या गावाचं ठाऊक होतं. मग हे गुपित लपवलं कुणापासून? उत्तर सरळ आहे. त्या बायकांना कळलं तर ते कळणं धरलंच जात नव्हतं. मुसळाला कळलं काय आणि मुसळ धरणाऱ्या हाताला कळलं काय. आता मुसळ गेलं, गिरणी आली. गिरणीवाल्यालाही सगळं कळतं आणि त्यालाही कुणी विचारत नाही. बत्तीस जिन्नसांची कहाणी तोंडपाठ असलेल्या माणसाला त्या कांडणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी किती मिळत होती, हे विचारून पाहा. तो तुम्हाला तिरफळ कुठून आणायचे ते सांगेल.

तिसरा मुद्दा पुराणाचा. ‘‘पाचशे वर्षांची परंपरा आहे आमची,’’ असं म्हणताना बाटली हातात धरलेली असते. वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ साली आणि मराठ्यांनी ती घेतली १७३९ साली. मिरची हे अमेरिका खंडातलं पीक, पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर या किनाऱ्यावर आलेलं. म्हणजे मसाल्याचा जो जिन्नस तीनदा मोजला जातो, तोच पाहुणा. आणि बाटली? ती बिअरची. बिअरच्या तपकिरी बाटल्या घरोघरी रिकाम्या होऊ लागल्या इंग्रजी अमलात. त्या काचेतून ऊन आत शिरत नाही आणि मसाल्याचा रंग टिकतो, हे कुणा हुशार बाईच्या लक्षात आलं असणार. यात कमीपणा काहीच नाही. उलट, परक्याने आणलेली मिरची आणि साहेबाने टाकलेली बाटली घेऊन एवढं चवदार काही करणारी माणसं अभिमानाला जास्त पात्र आहेत. परंपरा बदलत जाते, असा आक्षेप यावर येतो, आणि तो बरोबरच आहे. पण मग ‘आजीच्या आकड्याला हात लावायचा नाही’ हा हट्ट कशासाठी? ज्या आजीने बिअरची बाटली धुऊन वापरली, ती आज असती तर तिने मिक्सरला नाकं मुरडली नसती. नाकं मुरडण्याची चैन तिच्या नातवाची आहे, कारण कांडायचं त्याला नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की बिचारा खातो, बोलतो, आनंदात राहतो. तुमचं काय जातं? शिवाय त्याच्यामुळे घरगुती मसाला करणाऱ्या बायकांना चार पैसे मिळतात, विसरलेले पदार्थ पुन्हा ताटात येतात. हे मान्य करायलाच हवं. मागणीमुळे अनेक घरांना हातभार लागला आहे, आणि सुकेळीला गिऱ्हाईक आहे म्हणून ती अजून कुणीतरी वाळवतं. पण ही मागणी कुठे थांबते ते पाहा. ती ताटाच्या कडेला थांबते. आगाशीची सुकेळी खाद्यव्रतीला हवी असते, आणि ‘असली’च हवी असते. ती राजेळी केळ्यांची होते. पिकलेली राजेळी सोलून कोरड्या उन्हात दिवसच्या दिवस वाळत घालायची, रोज परतायची, ढग दिसला की धावत जाऊन उचलायची, तेव्हा कुठे ती सोनेरी, चिकट, खजुरासारखी गोड होते. आणि राजेळीला घड धरायला वर्षाच्या वर दिवस लागतात, आणि त्या सगळ्या दिवसांत गोडं पाणी लागतं. निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली या पट्ट्यात हे पाणी विहिरींना मिळायचं बावखलांतून, म्हणजे छोट्या तळ्यांतून. पावसाचं पाणी बावखलात साठायचं, जमिनीत मुरायचं, शेजारच्या विहिरीला उतरायचं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला खाली दाबून धरायचं. त्यावर राजेळी उभी राहायची, मुठेळी, वेलची आणि तांबडी उभी राहायची, विड्याच्या पानांचे मळे आणि फुलझाडं उभी राहायची.

आणि मग आपण काय केलं? बावखलात भराव टाकला. जिथे पाणी मुरत होतं तिथे गाड्या लावल्या. विहिरीला पंप लावून रात्रंदिवस टँकर भरले, ते टँकर इमारती बांधायला नेले, आणि इमारती झाल्यावर त्याच इमारतींना पाणी पाजायला पुन्हा तेच टँकर. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांच्या वर गेली होती. माणसं येणार, त्यांना घर आणि पाणी लागणार, यात त्यांचा दोष नाही. दोष इथल्या त्या जिभेच्या शौकिनाचा आहे ज्याने वडिलोपार्जित वाडी स्वतःच्या हाताने विकासकाला दिली, सातव्या मजल्यावर सदनिका घेतली आणि आता गॅलरीत उभा राहून ‘खरी सुकेळी हल्ली मिळत नाही हो’ असा उसासा टाकतो. मिळेल कशी? तू जिथे गाडी लावतोस ना, तिथे ती होती. त्याच गॅलरीतून त्याला पाचूबंदरच्या बाजूने वारा आला की बोंबलांचा वास येतो. वलांडीवर बोंबील वाळत असतात, कोळणी उन्हात दिवसभर राबत असतात, आणि हा माणूस खिडक्या लावून घेतो, सोसायटीच्या बैठकीत ‘या वासाचं काहीतरी करा’ म्हणून ठराव मांडतो. संध्याकाळी तोच सुके बोंबील भाजून, कांदा चिरून, ग्लास भरून बसतो आणि बोंबलाला समुद्राचं ऊन कसं लागलेलं असावं यावर अर्धा तास बोलतो. सकाळी बाजारात त्याच कोळणीशी दहा रुपयांसाठी घासाघीस केलेली असते, ती अर्थात या व्याख्यानात येत नाही. दुकानातल्या चकचकीत बाटलीवरची किंमत हा बिनबोभाट देतो. घासाघीस करायची ती टोपलीशीच.

हा राग मसाल्यावरचा नाही. मसाला उत्तम आहे. अठ्ठावीस जिन्नसांचाही उत्तम आणि पंधरा जिन्नसांचाही. राग त्या बोलण्यावर आहे, जे जिभेपासून सुरू होऊन जिभेवरच संपतं. खाण्यावर प्रेम असलेला माणूस खाणं जिथून येतं त्या जमिनीची, पाण्याची आणि हातांची चौकशी करतो. नुसती चव घोळवत बसणाऱ्याला फार तर चांगली भूक लागलेली असते. भूक लागणं हा गुण नाही, ती सगळ्यांनाच लागते. आणि आकड्यांचा एवढाच शौक असेल, तर एक मोजणी अजून बाकी आहे. आपल्या गावात आपल्या आजोबांच्या वेळी बावखलं किती होती आणि आज किती आहेत, ही वजाबाकी बत्तीस जिन्नस पाठ असणाऱ्याला बोटांवर करता येईल. ती करून कुणी छाती काढणार नाही, म्हणून ती कुणी करत नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी जेवणाच्या पंगतीत कुणी आवाज खाली आणून ‘‘आमच्यात बत्तीस’’ म्हणाला, तर त्याला तेहतिसावा जिन्नस विचारू नका. तुमच्या वाडीतलं बावखल अजून आहे का, एवढंच विचारा. असेल तर त्याच्याकडून मसाल्याची बाटली जरूर घ्या, आणि तो सांगेल ती किंमत न बोलता द्या. नसेल, तर जेवण आटोपा आणि निघा.