थेंबकाका

मे महिन्यात मुंबईत पाणी आभाळातून पडत नाही, चौथ्या मजल्यावरून पडतं. रस्त्याच्या कडेने चालताना टाळक्यावर टपकन थेंब पडला की सामान्य माणूस वर बघतो, मनातल्या मनात एखादी शिवी हासडतो, रुमाल फिरवतो आणि बस पकडायला पळतो. थेंबकाका पळत नाहीत. ते तिथेच थांबतात, थेंब बोटावर घेतात, दोन बोटांत चोळतात आणि वास घेतात. गार आणि बिनवासाचा असेल तर एसी. कोमट आणि साबणाचा असेल तर वाळत घातलेली साडी. मातकट असेल तर कुणाच्या तरी कुंडीतली तुळस. (चौथी शक्यता कावळ्याची, पण तिला चाचणी लागत नाही.) मग दोन पावलं मागे सरून, मान मागे टाकून, मजले मोजून ते निकाल देतात : "पाचवा मजला, डावीकडून दुसरी खिडकी. ढाळ चुकलाय."

असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. ठाण्याच्या आमच्या मावसबहिणीकडचे बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि थेंबांची नोंद खतावणीसारखी ठेवतात, तारीख-वेळ-मजला अशी. दादरला एका मित्राच्या इमारतीत आहेत ते पूर्वी शाळेत शास्त्र शिकवायचे. ते लोकांना पकडून पाण्याचं चक्र समजावतात. आमच्याकडचे काका छापखान्यातले. चाळीस वर्षं ऑफसेट मशीनपाशी उभे राहिलेले. या छापखान्याचा आणि थेंबाचा संबंध आहे, तो पुढे येईल.

थेंबकाका जन्माला येत नाहीत, घडतात. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : वरच्यांचा खिडकीतला एसी आणि खालच्यांच्या खिडकीवरचं पत्र्याचं शेड. रात्री अकराला वर बटण दाबलं जातं, पंधरा मिनिटांत खाली पत्र्यावर पहिली टप् होते. एकसुरी आवाजाने झोप लागते असं म्हणणाऱ्याने एकदा त्या पत्र्याखाली झोपून बघावं. आवाज एकसुरी नसतोच. वरचा कॉम्प्रेसर थांबला की थेंबही मंदावतात. आता डोळा लागणार, एवढ्यात वर कट्ट होतं आणि मागची थकबाकी वसूल केल्यासारखे चार थेंब एकदम येतात. काकांनी पहिल्या उन्हाळ्यात पत्र्यावर तरटाचा तुकडा टाकून बघितला. आवाज गेला. आठ दिवसांत तरटावर कबुतरांनी बिऱ्हाड थाटलं आणि टपटपच्या जागी घुटर्घूं आलं. तरट काढलं. त्या दिवसापासून काकांच्या सदऱ्याच्या खिशात पेनशेजारी एक छोटी पाणसळ असते. गवंड्याकडे असते तीच, पण बोटभर लांबीची.

"वहिनी, जरा पाणी मिळेल का?" असं म्हणत ते वरच्या मजल्यावर प्रवेश मिळवतात. पाणी येईपर्यंत पाणसळ एसीवर आडवी ठेवून झालेली असते.

"बुडबुडा बघा. कुठे गेला?"

"मागे."

"म्हणजे मागची बाजू वर. तुमचा एसी आत झुकलाय. आज ना उद्या पाणी सोफ्यावर येणार."

"अहो काका, पण सध्या तुमच्याच पत्र्यावर पडतंय ना?"

"ते वेगळं. ते मेकॅनिकने पाडलेल्या भोकातून पडतंय."

हे भोक म्हणजे काकांच्या उत्तरायुष्यातला शत्रू क्रमांक एक. त्याची हकिगत ते कुणालाही, लिफ्टमध्ये तीन मजल्यांच्या अवधीतसुद्धा, पूर्ण सांगू शकतात. खिडकीतल्या एसीची आतली कॉइल गार असते, मागची तापलेली. खोलीतली दमट हवा गार कॉइलवरून जाते आणि पाणी सोडते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो ना, तेच. ते पाणी खालच्या ट्रेमधून मागे वाहत जातं. बऱ्याच एसींत मागच्या पंख्याच्या पात्यांभोवती एक कडं असतं. ते या पाण्यात बुडून फिरतं आणि पाणी तापलेल्या कॉइलवर उडवतं. पाण्याची वाफ होते, कॉइल निवते, यंत्राचं काम हलकं होतं. आता गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार? त्याला फक्त छप्-छप् असा आवाज येतो. तो घाबरून मेकॅनिकला बोलावतो. मेकॅनिक कान लावतो, गंभीर होतो आणि म्हणतो, "पानी भर गया है साब, छेद मार देता हूँ." ड्रिल फिरतं. छप्-छप् थांबते, गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक पाचशे रुपये खिशात घालून पुढच्या घरी. जे पाणी वाफ होऊन गेलं असतं ते सगळं काकांच्या पत्र्यावर.

"पण भोक नसलं तरी पडतंच की," असं कुणी म्हणालं तर काका रागावत नाहीत. उलट खुलतात. कारण इथे त्यांचं आवडतं गणित येतं. मुंबईच्या मे महिन्यातली हवा साधारण २५ अंशांपर्यंत गार झाली की पाणी सोडायला लागते, आणि एसीची आतली कॉइल असते १०-१२ अंशांच्या आसपास. दीड टनाचा एसी अशा हवेत तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो. ते कडं बिचारं उडवून उडवून किती उडवणार? उरलेलं बाहेर येणारच. मग त्याला पाइप लावा, बादली ठेवा, काहीही करा, पण वाऱ्यावर सोडू नका.

या गणिताने काकांचे नागपूरच्या व्याह्यांशी संबंध काही काळ ताणले गेले होते. व्याही दर उन्हाळ्यात फोनवर सांगत, "आमचा एसी बघा, एक थेंब टपकत नाही. फिटिंगच तसं करून घेतलंय." काकांनी दोन वर्षं ऐकून घेतलं. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "फिटिंगचं काही कौतुक सांगू नका. तुमच्या मेमधल्या हवेत पाणीच नाही तर टपकणार काय? जुलैत बघा." जुलैत व्याह्यांचा फोन आला नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मात्र दोघे अजून शेजारी शेजारी आहेत.

खरी रंगत येते वार्षिक सर्वसाधारण सभेत. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय' हे वाक्य काकांसाठीच छापलेलं असतं. काका उभे राहिले की मागच्या रांगेतले लोक वेफर्सची पाकिटं फोडतात. दर वर्षी तेच आक्षेप नव्याने येतात. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, गॅस जास्त भरला की पाणी पडतं. सहाव्यावरच्या बाईंना वाटतं, पाणी पडतं म्हणजे एसी उत्तम चाललाय, आणि यात निम्मं तथ्य असल्यामुळे काकांना ते खोडता येत नाही. एकदा एकांनी दीड टनाचं वजन आपल्या जुन्या भिंतीला झेपेल का, अशी शंका काढली. टन हे वजन नसून चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना देईल तेवढा गारवा देण्याची ताकद आहे, बर्फाच्या लाद्यांच्या जमान्यातलं माप आहे, हे सांगण्यात काकांची वीस मिनिटं गेली. भिंतीचा प्रश्न तसाच राहिला.

मग काका छापखान्यावर येतात. त्यांचं म्हणणं, एसीचा शोध माणसांना गार वाटावं म्हणून लागलाच नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. उन्हाळ्यात हवेतल्या दमटपणाने कागद फुगायचा, एक रंग छापून दुसरा छापेपर्यंत कागदाचं माप बदलायचं आणि चित्रातल्या बाईचे ओठ हनुवटीवर यायचे. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काढून घेणारी यंत्रणा आखली, ती या कागदासाठी. काकांनी स्वतः चाळीस पावसाळे असे सरकलेले ओठ पाहिलेले. एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर कंदिलाचा लाल रंग शेजारच्या आजोबांच्या टकलावर गेला होता, तो फर्मा त्यांनी अजून जपून ठेवलाय आणि सभेत फिरवतात. "तेव्हा मंडळी, हवेतलं पाणी काढणं हे या यंत्राचं पहिलं काम. गारवा माणसांना नंतर मिळाला. पाणी पडतं म्हणून एसीला नावं ठेवू नका. ते दुसऱ्याच्या डोक्यावर सोडणाऱ्याला ठेवा."

टाळ्या पडतात. मग काका ठराव मांडतात : इमारतीच्या मागच्या बाजूने एक उभा पीव्हीसी पाइप, प्रत्येक मजल्यावर जोड, सगळ्या एसींचं पाणी एका टाकीत आणि टाकीतून बागेला. वीस एसी रात्री आठ तास चालले तर तासाला एक लिटर धरूनही १६० लिटर होतं. बाग म्हणजे तीन क्रोटन आणि एक अशोक, त्यांना एवढं पाणी झेपेल का यावर चर्चा होते. मग खर्च कुणी करायचा? तळमजला म्हणतो, आमच्याकडे एसी नाही. वरचा मजला म्हणतो, आमचं पाणी आम्हाला दिसतच नाही. स्प्लिटवाले म्हणतात, आमचा पाइप आधीच आहे (तो मध्येच तुटून जिन्याच्या खिडकीत लोंबतोय, हे काकांच्या वहीत आहे). सेक्रेटरी ठराव पुढच्या सभेवर ढकलतात आणि चहा येतो.

काकांच्या मागे लोक हसतात, हे खरं. पण रात्री साडेबाराला एसीच्या पुढच्या जाळीतून पाणी गादीवर ठिबकायला लागलं की ज्यांनी सभेत सर्वांत मोठ्याने वेफर्स चावलेले असतात तेच काकांना फोन करतात. काका तीन प्रश्न विचारतात. आत झुकलाय का? छप्-छप् येते का? फिल्टर शेवटचा कधी धुतला? तिसऱ्या प्रश्नानंतर पलीकडे शांतता पसरते. मग काका लुंगी सावरत वर जातात.

त्यांनी फिल्टर बाहेर काढताना एकदा मी शेजारी उभा होतो. जाळीचा रंग राखाडी, जाडी बोटाच्या पेराएवढी. काकांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली. प्रकाश आरपार दिसेना. त्या लोकरीत एक केसांची पिन, राखीचा जरीचा तुकडा आणि अगरबत्तीची काडी निघाली. आत कॉइलवर पांढरा बर्फ जमला होता, फ्रीझरमध्ये जमतो तसा. हवा जायला वाट नाही, कॉइल गोठते, बर्फ वितळला की पाणी ट्रेच्या पुढून ओघळतं. इलाज साधा. कूलिंग बंद, नुसता पंखा चालू, बर्फ वितळेपर्यंत खाली जुना टॉवेल. फिल्टर नळाखाली उलट्या बाजूने धुवायचा, सावलीत वाळवायचा. ट्रेमधला बुळबुळीत गाळ जुन्या टूथब्रशने काढायचा. काका हे सगळं करतात आणि घरच्या मुलाला करायला लावतात. मधल्या वेळात एसी १८ वर का आहे, हेही विचारून होतं. १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबलच्या नव्या एसींची सुरुवात २४ वरच ठेवायचा सरकारी नियम आहे, तो काकांना तोंडपाठ. लोक एसी लावतात आणि रिमोट हातात घेऊन सहा वेळा खाली दाबतात, हेही त्यांना ठाऊक.

त्यांच्या स्वतःच्या घरी आता एसी आहे. मुलाने पाठवला. काकांनी तो बसवताना मेकॅनिकला दोन तास उभं केलं, कंपनीची पुस्तिका (ती वाचणारे भारतात बहुधा ते एकटेच असावेत) उघडून त्यात लिहिलाय तेवढाच ढाळ मागे दिला, ड्रेनला पाइप जोडला आणि पाइप खिडकीतून आत, बाल्कनीत, बादलीत. बादली साधारण पहाटे तीनला भरते. काका गजर लावून उठतात आणि ती रिकामी करतात. काकू म्हणतात, "चाळीत असताना पहाटे पाणी भरायला उठायचो. आता हे फेकायला उठतात." फेकायला म्हणणं तितकंसं बरोबर नाही. काका त्या पाण्याने लादी पुसतात, कुंड्यांना घालतात, गाडी धुतात. प्यायला मात्र कुणालाही देत नाहीत. पाणी हवेतून आलं म्हणून गंगाजळ होत नाही. कॉइलवरची धूळ आणि ट्रेमधले जंतू त्यात उतरलेले असतात. तिसऱ्या मजल्यावरचे एकजण ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात हे कळल्यावर काका दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

बादली दुपारभर तशीच राहिली तर काकू ओरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधायला येतात तेव्हा फुलदाणीनंतर फ्रिजमागचा ट्रे आणि एसीचं साठलेलं पाणीच बघतात.

यंदाही पाइपचा ठराव मंजूर झालेला नाही. तेव्हा ज्यांच्या खाली कुणी राहतं त्यांनी मार्च संपायच्या आत एवढं करावं : फिल्टर धुवा, ट्रे साफ करा, ढाळ मागे आहे ना ते बघा, बाहेर येणाऱ्या पाण्याला पाइप लावा, आणि मेकॅनिकने ड्रिल बाहेर काढलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नाही जमलं तर एक दिवस बेल वाजेल, दारात सदऱ्याच्या खिशात पाणसळ असलेले गृहस्थ उभे असतील आणि पाणी मागतील. त्यांना आत घ्या. मेकॅनिकपेक्षा त्यांना जास्त कळतं आणि ते पैसे घेत नाहीत.