धानोऱ्यात समुद्र

नवा कॉम्प्युटर घेतला की शहरातली माणसं रॅम किती, प्रोसेसर कुठला, असं विचारतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या धानोऱ्यात पहिला प्रश्न येतो, "इन्व्हर्टर आहे का?" माझ्याकडे आहे. त्याच्या भरवशावर जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स चढवलं आणि ग्रामसभेच्या वन व्यवस्थापन आराखड्याची नीटनेटकी प्रत करायला बसलो.

जवळच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेव्हापासून तालुक्यात जंगलाबरोबर कागदही वाढतायत. मोह किती, तेंदू कुठं, कोणत्या कक्षातला बांबू कोणत्या वर्षी तोडायचा. पानभर कोष्टकं, तळटिपा, झाडांची शास्त्रीय नावं तिरक्या अक्षरांत. वर्डमध्ये वर एक ओळ घातली की खालचं कोष्टक उडी मारून पुढच्या पानावर जातं. म्हणून लाटेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम.

त्याच्या मुळाशी टेक, आणि टेकच्या मुळाशी डोनाल्ड क्नूथ. या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाला १९७७ मध्ये आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघवेनात. अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम मीच लिहितो, रजेच्या एका वर्षात होईल, असा त्याचा अंदाज. लागली दहाएक वर्षं. (आमच्याकडच्या पुलांचा हिशेबही साधारण असाच असतो.) पण काम पक्कं झालं. ओळ कुठं तोडायची हे टेक एकेका ओळीपुरतं ठरवत नाही, अख्खा परिच्छेद आधी नजरेखालून घालतं. जाणता वाढपी पूर्ण पंगत बघून मग पळी उचलतो, तसं.

टेक लाइव्ह हा सगळा संच पाच-सहा जीबीचा. आमच्या नेटवर तो उतरेपर्यंत तेंदूचा हंगाम संपला असता. भाच्यानं गडचिरोलीहून पेनड्राइव्हवर आणला. मराठीसाठी झीटेक, जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलेलं. ते कॉम्प्युटरवरचे युनिकोड फॉन्ट थेट वापरतं. फॉन्ट घेतला यशोमुद्रा, राज्य मराठी विकास संस्थेचा, फुकट.

इथवर सुरळीत. आराखड्याचा अर्धा मजकूर मात्र डीटीपीवाल्याकडे जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला. तो एका कन्व्हर्टरमधून काढला, प्रिंट मारली आणि ग्रामसभेतल्या एका जुन्या सभासदांच्या हातात दिली. चष्मा कपाळावरून नाकावर आला. बोट एका ओळीवर थांबलं: 'गावाच्या उत्तरेस टेकड्या व दर्या आहेत.'

"गुरुजी, समुद्र कवा आला जी इकडं?"

कन्व्हर्टरनं आडवा रफार खाल्ला होता. दऱ्यांचा दर्या झाला आणि गडचिरोली जिल्ह्याला किनारा लाभला. युनिकोडमध्ये ऱ हे वेगळं अक्षर आहे. ते टाइप करून पुढं हलंत आणि या दिलं की काम होतं. मोठा फॉन्ट असो की छोटा, आता मी तो 'धानोऱ्यात' लिहून तपासतो. गावाचं नाव इतक्या कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

लाटेकची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणारा. जुन्या फॉन्टमधल्या फाइलचं तसं नाही; फॉन्ट गेला की ठराव वाचायला कोणी उरत नाही. तुमच्या गावाचे ठराव, नोंदी, नकाशावरची नावं अशा फाइलींत पडून असतील, तर तो जुना कॉम्प्युटर सुरू होतोय तोवर युनिकोडमध्ये करून घ्या. आणि छापायला देण्याआधी दऱ्या तेवढ्या तपासा.