दीड किलो कमी पडले!

आमचे दाजी आयुष्यात पहिल्यांदाच 'बारीक' ठरले. ठरवलं कुणी? विमा कंपनीनं.

दाजींची उंची पाच फूट तीन इंच, वजन ८८ किलो. तीन महिन्यांची साखर साडेनऊच्या खाली यायला तयार नाही. इन्सुलिनचा डोस आणि विजारीचा नंबर बरोबरीनं वाढत चाललेले. डॉक्टर म्हणाले, जठर लहान करायचं ऑपरेशन करून घ्या, वजनाबरोबर साखरही ताळ्यावर येईल. एस्टिमेट चार लाखांचं. दाजी निर्धास्त. पॉलिसीचं चौथं वर्ष, एकही हप्ता चुकलेला नाही, वेटिंग पिरियड कधीच संपलेला.

कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय द्यायचा, असा नियम २०२४ पासून आहे. कंपनीनं तो तंतोतंत पाळला. पन्नासाव्या मिनिटाला हॉस्पिटलातल्या विमा-डेस्कवरच्या मुलीनं कागद सरकवला : 'सौंदर्यवर्धक उपचार, सबब नामंजूर.'

दाजींच्या सौंदर्याचा विषय आमच्या घरात यापूर्वी एकदाच निघाला होता, ताईला बघायला आले तेव्हा. तेव्हाही मोठ्यांनी तो लगेच बदलला होता.

गंमत पुढंच. निम्मे नातेवाईक कंपनीच्या बाजूनं. "चार लाख कशाला घालवता? रात्रीचा भात सोडा." हृदयाचं ऑपरेशन नाकारलं असतं, तर हेच लोक कंपनीच्या सात पिढ्या उद्धारायला बसले असते. जाड माणसाला नाकारलं की सगळे त्याच्या ताटाकडे बघतात. दाजी कागदाची घडी करून खिशात टाकायच्या बेतात होते. कंपनीचा नफा इथं पिकतो. लाजलेला माणूस भांडत नाही, आणि लाज छापायला कागदही लागत नाही.

ताईनं तो कागद खिशातून काढला आणि चष्मा लावून अख्खी पॉलिसी वाचली. असा प्रकार कंपनीनंही पहिल्यांदाच पाहिला असावा.

विमा नियामकानं सप्टेंबर २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांना वगळणुकींचा एकच मसुदा ठरवून दिला. त्यात सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेचं कलम वेगळं, लठ्ठपणाचं वेगळं. लठ्ठपणाचं कलम सरसकट नाही म्हणत नाही, अटी घालतं. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय १८ पूर्ण हवं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, किमान ४० हवा. किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार यांपैकी काहीतरी. त्यातही वजन उतरवायचे साधे उपाय आधी फसलेले असले पाहिजेत.

ताईचं पत्र गेलं. उत्तर आलं. सौंदर्याचा आरोप मागे. पण बीएमआय ३४.४. दाजी दीड किलोनं नापास.

आता हे दीड किलो गेले कुठं? तीन महिन्यांपूर्वी दाजी ९१ किलो होते, बीएमआय ३५.५. पण साधे उपाय करायला हवेत ना? म्हणून भाकरी, पालेभाजी, पहाटे टेकडी. तीन किलो उतरले, साखर जागची हलली नाही. उपाय पुरते फसायला हवे होते, ते जरासे लागू पडले, ही दाजींची चूक.

मावशींनी तोडगा काढला, "पंधरा दिवस श्रीखंड-पुरी!" इकडे डॉक्टरांनी बजावलेलं, ऑपरेशनआधी दोन आठवडे जेमतेम पातळ आहार, यकृत आकसायला हवं. कंपनीसाठी वाढायचं, डॉक्टरांसाठी उतरायचं. दाजी काट्यावर उभे, आणि काटाच गोंधळलेला.

बरं, हा ३५ काय आकाशातून पडला? अगदीच तसं नाही. बीएमआयचं गणित १८३२ मध्ये बेल्जियमच्या केतले यांनी मांडलं, आणि ते खगोलशास्त्रज्ञ होते. तेव्हा दाजींचं ऑपरेशन ग्रहमानावर अडलंय, हे मावशींचं दुसरं मत अगदीच टाकाऊ नाही. ऑपरेशनसाठी ४० आणि ३५ ही जोडी अमेरिकेत १९९१ साली ठरली. तिथल्याच शल्यविशारदांनी २०२२ मध्ये ती मोडीत काढली : मधुमेह असेल तर ३० पुरे. आपल्या डॉक्टरांनी त्याआधीच, २००९ मध्ये, भारतीयांसाठी ३२.५ची रेघ आखली होती. कारण आपलं शरीर कमी वजनात जास्त चरबी लपवतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. इतका पुरावा पुण्यात असून कलम अजून १९९१च्या अमेरिकेत नांदतंय.

ताई आता विमा लोकपालाकडं निघालीय. कंपनीकडं लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, की वर्षाच्या आत तिथं जायचं. फी नाही. वकिलाला मज्जाव, हे तर आणखी बरं. पन्नास लाखांपर्यंतचं भांडण चालतं. मुद्दा एकच : वजन कुठल्या तारखेचं धरायचं, उपाय सुरू करण्याआधीचं की नंतरचं? कलम त्यावर गप्प आहे. लोकपाल काय म्हणतील, बघू.

कागद जुळवताना फायलीत पॉलिसी घेतानाचा तपासणी अहवाल सापडला. तेव्हाचं वजन ८७ किलो. खाली कंपनीचा शेरा : 'वजन जास्त, हप्ता वाढीव.'

इतके दिवस गप्प असलेल्या दाजींनी पेन मागून घेतलं आणि तक्रारीच्या शेवटी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली : 'हप्ता घेताना ८७ किलोचा मी जाड होतो. पैसे द्यायची वेळ आल्यावर ८८ किलोचा बारीक कसा झालो, तेवढं कळवावे.'