मारवा आणि स्टॉपलॉस

क्रूझवर संगीताची टंचाई मुळीच नसते. लिफ्टमध्ये सॅक्सोफोन, जिन्यात गिटार, जेवणघरात पियानो, पोहण्याच्या तलावाकाठी डीजे आणि जिथे माणसाला निदान स्वतःचे विचार तरी ऐकू यावेत त्या स्वच्छतागृहात बासरी. यातलं एकही गाणं आपण निवडलेलं नसतं. म्हणून मुंबई-गोवा क्रूझचं तिकीट निघाल्यावर मी पहिली खरेदी केली ती मुठीत मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरची. अरबी समुद्रात सूर्य बुडत असताना वसंतराव देशपांड्यांचा मारवा ऐकायचा, एवढाच माझा कार्यक्रम. गोवा, कॅसिनो आणि दिवसभराचं खाणं ही खाती बायकोकडे.

मारवा हा सूर्यास्ताचाच राग. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. आणि षड्जाच्या आसपास गवई घुटमळत राहतो, पण टेकत नाही. ही माहिती मी बॅलार्ड पिअरच्या रांगेत बायकोला दिली. ती म्हणाली, "अहो, पुढे सरका. रांग टेकली."

तपासणीत आमची इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्ड जप्त झाले. इस्त्रीचं समजलं. बोर्डानं काय घोडं मारलं होतं, असं विचारल्यावर तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं, की घरी एक तार जिवंत असते आणि दुसरी न्यूट्रल. जहाजावर बहुधा दोन्ही तारांत दाब असतो, त्यामुळे सर्ज अडवणारा घरगुती बोर्ड तापून पेटू शकतो. समुद्रात आग लागली तर पळायचं कुठे? हे उत्तर इतकं पटण्यासारखं होतं, की भांडायची माझी सगळी तयारी वाया गेली.

केबिन आतल्या बाजूची, बिनखिडकीची. खिडकीवालीचा भाव ऐकून, समुद्र डेकवरून फुकट दिसतो, हा युक्तिवाद मीच केला होता. भिंती पोलादी पत्र्याच्या. जाणते प्रवासी चुंबकाचे हूक आणून त्यांवर टोप्या नि ओले कपडे टांगतात. मी आणला होता ट्रान्झिस्टर. रात्री मीडियम वेव्ह लांब पोहोचते; म्हटलं, कोकणासमोरून जाताना रत्नागिरी आकाशवाणी लागेल. पण त्या पत्र्याच्या पेटीत नुसती खरखर लागली. बाहेरचं काही आत येत नाही. शेजारचं मात्र येतं, तेही थेट स्पीकरमध्ये. ते कसं, ते पुढे सांगतो.

संध्याकाळी फोन घेऊन वर गेलो. डेकवर स्पीकर लावायला मनाई असल्याची पाटी होती आणि पाटीच्या बरोबर वर जहाजाचा कपाटाएवढा स्पीकर होता. डीजे सगळ्यांना हात वर करायला सांगत होता. मी केले नाहीत. कुणीतरी माझे केले. हेडफोन हा उपाय बायकोनं आधीच सुचवला होता, पण तो मला तत्त्वतः मान्य नाही. गाणं हवेत असलं पाहिजे, कानात कोंबलेलं नव्हे. तत्त्व पाळत एक कोपरा गाठला, दुसरा गाठला, शेवटी सुटकेच्या होडीखाली उभा राहिलो. तिथे डीजेचा फक्त ढोल येत होता. सूर्य क्षितिजाच्या बोटभर वर असतानाच धुरकटात नाहीसा झाला. तोही टेकला नाही.

त्याच वेळी खाली केबिनमध्ये खरा कार्यक्रम सुरू झाला होता.

बायकोला बोट लागली होती. ती डोळे मिटून आडवी होती आणि चार्जिंगला लावलेला स्पीकर चालूच राहिला होता. एकाएकी त्यातून बाईच्या आवाजात "कनेक्टेड" अशी घोषणा झाली आणि पाठोपाठ एक पुरुष गरजला, "तोट्याच्या शेअरवर प्रेम करू नका! स्टॉपलॉस लावा!" बायकोला वाटलं, जहाजाचीच काही सूचना असावी. सक्तीच्या कवायतीत सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकवून जाकिटं दाखवली होती. हाही त्याचाच पुढचा धडा असेल. उठवत नव्हतं, म्हणून ती ऐकत पडली. आवाज वाढत गेला.

मी परतलो तेव्हा दारात सुरक्षा अधिकारी बाई उभ्या, हातात वही. शेजारच्या केबिनमधून गोंगाटाची तक्रार आली होती. मी म्हटलं, "मी तर वर सूर्य बघत होतो." त्यांनी केबिनचा नंबर दाखवला. नंबर आमचा होता. एवढ्यात शेजारी बाहेर आले: बर्म्युडा, गळ्यात कार्ड, हातात फोन. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की असल्या लोकांना जहाजात घेतातच कसे. मग वैतागून फोनवर अंगठा दाबला. आतला गुरू गप्प झाला. त्यांनी पुन्हा दाबला. "स्टॉपलॉस लावा!"

पॅसेजमध्ये शांतता पसरली. त्यांचा स्पीकर आणि आमचा एकाच कंपनीचा, एकाच जातीचा, एकाच नावाचा. त्यांच्या फोननं भिंतीपलीकडचा धरला होता. आपला वाजत नाही म्हणून ते आवाज वाढवत गेले आणि तो आमच्याकडे वाढत गेला. शेजारी आपल्याच गुरूचा शिष्य निघाला, याचा त्यांना आधी आनंदही झाला होता म्हणे. पण बिघडलेला स्पीकर दुरुस्त करताना त्या आवाजाचा त्रास व्हायला लागला, म्हणून तक्रार.

"म्हणजे माझा बिघडलेला नाही तर!" ते हर्षानं म्हणाले आणि आत गेले. क्षमा वगैरे काही नाही. बाईंनी मात्र ताकीद रद्द केली नाही. आवाज कुणाचाही असो, आला आमच्या केबिनमधून. मी सही केली. कारकुनी समुद्रावरही कोरडीच राहते.

जहाज आणि संगीत म्हटलं, की लोक टायटॅनिकच्या वादकांसाठी गहिवरतात. एप्रिल १९१२ मधल्या त्या रात्री ते आठजण वाजवत राहिले आणि आठही गेले. त्यांचा म्होरक्या वॉलेस हार्टली. त्याचं व्हायोलिन २०१३ मध्ये नऊ लाख पौंडांना लिलावात गेलं. पण त्यांच्यातल्या जॉक ह्यूमच्या वडिलांना, वादक पुरवणाऱ्या एजन्सीनं पोराच्या गणवेशाचं बिल पाठवलं होतं, हे कुणी सांगत नाही. माणूस बुडाला तरी त्याचं खातं तरंगतं.

गोव्यात मंगेशी पाहिलं, हुमण-भात जेवलो, जहाज सुटायच्या आत परतलो.

परतीच्या रात्री केबिन आवरायला नेहमीचा मुलगा आला. रोज तो टॉवेलाचा एखादा प्राणी करून पलंगावर ठेवी. आमच्याशी तो इंग्रजीत बोलत असे. त्या रात्री आमचं भांडण ऐकून मराठीत हसला. गुहागर तालुक्यातला निघाला. कानात एकच इअरफोन होता, तो त्यानं घाईनं काढला. काय ऐकतोस, म्हटलं.

"जाखडी, काका. आमच्या वाडीची. यंदाचा गणपती इकडेच गेला ना, भावानं रेकॉर्ड करून पाठवली."

त्याची झोपायची जागा पाण्याच्या पातळीखाली. दोघांत एक खोली, वर-खाली बंक, प्रत्येकाला पडदा. सोबतचा फिलिपिनो रात्रपाळीचा, तो दिवसा झोपतो. त्यामुळे महिनोन् महिने गाणं ऐकायचं ते कानातच. "एकदा ह्याच्यावर लावू? हळू लावतो," तो स्पीकरकडे बघत म्हणाला. माझं तत्त्व अखेर कुणाच्या तरी कामी आलं.

ढोलकी सुरू झाली. शक्तीवाल्यांनी सवाल टाकला, तुरेवाल्यांनी तो परतवला, मागे कुणाचं तरी पोर रडलं. मुलगा टॉवेलाचा हत्ती करत होता. सोंड वळवता वळवता त्याचा उजवा पाय ठेका धरायला लागला. बूट काळा, पॉलिश केलेला, त्यात घुंगरू असल्यासारखा. "आता जहाज आमच्या समोरूनच चाललंय," तो म्हणाला. आमच्या केबिनला खिडकी नव्हती. पैसे वाचवल्याचं एवढं वाईट मला त्या क्रूझवर दुसऱ्या कशानं वाटलं नाही.

तेवढ्यात भिंतीवर ठकठक झाली आणि पलीकडून आवाज आला, "अहो, हे माझ्या फोनवरनं नाहीये हं!"

सकाळी इस्त्री आणि बोर्ड सहीनिशी परत मिळाले. शेजाऱ्यांनी रांगेत आपल्या गुरूच्या वर्गाची माहिती दिली, माझ्या ओळखीनं आलात तर सवलत आहे म्हणून. मी हात जोडले. बायकोनं नंबर घेतला.

आता तिचं डीमॅट खातं आहे. बोट लागलेल्या अवस्थेत ऐकलेलं विसरत नाही म्हणते. तोट्यातली वस्तू प्रेमापोटी सांभाळायची नाही, या नियमानं तिनं आधी स्पीकर विकला, मग ट्रान्झिस्टर. हल्ली सूर्यास्ताला मी मारवा लावला, की ती माझ्याकडेही हिशेबी नजरेनं बघते. मी लगेच उठून भाजी निवडायला घेतो.